केंटकीत मुदत एकच वर्ष

माझी धाकटी बहीण ट्वायला गोळ्यांच्या नशेतून सुटली ती जिभेखाली ठेवायच्या एका औषधाने. नशा सुटली आणि दात गेले. छत्तीसाव्या वर्षी वरचे सगळे मुळापर्यंत किडलेले. लोकांना वाटायचं, गोड सोडा पिऊन पिऊन झालं. मीही तेच सांगत फिरायची. सोड्याची लाज नसते आमच्याकडे.

गेल्या वर्षी अकरा एप्रिलला दंतवैद्याने तिला स्पष्ट सांगितलं, की हे त्या औषधाने झालंय आणि लोक कंपनीवर दावे लावतायत. ट्वायला धावत माझ्याकडे आली. तिला नवे दात हवे होते. दुकानात तिला गल्ल्यावर उभं करत नाहीत, मागच्या खोलीत खोकी फोडायला बसवतात.

"थांब जरा," मी म्हटलं. "नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनियात आपल्या चुलतभावाला, लॉइडला, अपघातानंतर दावा लावायला दोन वर्षं मिळाली होती. तुला कसली एवढी घाई?"

खरी अडचण माझी होती. माझा नवरा ऑर्विल चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचा मानाचा सेवक, व्हायचा होता. त्याआधी पाळक घरच्यांचीही चौकशी करतात. आणि दाव्यात तर लिहावंच लागतं, औषध कशासाठी घेत होता ते.

यंदा मार्चमध्ये तिच्या नावाने वकिलाच्या कचेरीचं पत्र आलं. मला न सांगताच तिने तिथे फोन केला होता. तिचं फिरतं घर आमच्याच जमिनीवर, टपालपेटी एकच. मी पाकीट फोडलं. आमच्या केंटकीत दाव्याची मुदत एकच वर्षाची, अकरा एप्रिलच्या आत या, असं लिहिलं होतं. ऑर्विलला डीकन करण्याचा विधी अठराला होता. मी पत्र ठेवून दिलं. विसरले वगैरे नाही, ठेवून दिलं.

विधी थाटात झाला. एकेकाने येऊन ऑर्विलच्या डोक्यावर हात ठेवला. मी साठ माणसांचं चिकन तळलं. दुसऱ्या दिवशी पत्र ट्वायलाला नेऊन दिलं.

"जाहिरातींच्या कागदांत अडकलं होतं गं."

तिने पाकीट उलटसुलट पाहिलं. वीस तारखेला आम्ही दोघी कचेरीत गेलो.

"औषधानेच झालंय हे तुम्हाला कळलं कधी?" तिथल्या बाईने विचारलं. "मुदत तिथून मोजतात."

मी टेबलाखाली ट्वायलाचा पाय दाबला. "जून म्हण," पुटपुटले.

"अकरा एप्रिल," ट्वायला म्हणाली. "घरी जाऊन रडले होते, म्हणून लक्षात आहे."

बाईने पेन खाली ठेवलं. "नऊ दिवस उशीर झाला हो. आता काही करता येणार नाही."

गाडीत उलट मीच तिच्यावर उखडले. "दोन महिने पुढचं सांगितलं असतंस तर जीभ झडली असती का?"

"आईची औषधं चोरून तुझं नाव सांगितलं होतं मी, नडीन. दहा वर्षं नुसतं खोटं. आता नाही जमत." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाकिटावर टपालाचा शिक्का असतो. मार्चचा होता. मला वाटलं, आत त्या बाईसमोर तरी तू खरं सांगशील."

मी गाडी चालवत राहिले. लाजेने कान तापले होते. पण त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही, की तेव्हाही पहिला विचार मनात आला तो एवढाच: ही हे चर्चमध्ये कुणाला सांगणार तर नाही ना?