अंगठ्याची पाटी आणि न उघडलेला फोन

मी एक जुनी पितळी पाटी आहे, मित्रांनो; मात्र अक्षरे गिरवण्याची नव्हे. माझ्या अंगावर काळी शाई पसरतात, तिच्यावर माणसाचा अंगठा टेकवतात आणि मग तो कागदावर उमटवतात. गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा आकाराने लहान झाला, त्याच वर्षी या पोलीस ठाण्यात माझी स्थापना झाली.

त्या काळी चोर असो वा साव, माझ्यापुढे नतमस्तक झाल्यावाचून कोणाचेही काम होत नसे. काम होताच माणसे बोट डोक्याच्या केसांना पुसत, नाहीतर भिंतीला. त्या काळ्या रेघांकडे पाहून मला धन्यता वाटे. अंगठा स्वेच्छेने आला की कोणी मनगट धरून आणला, याची मी कधी चौकशी केली नाही.

पुढे मोबाईल आला आणि माझ्या चित्तात मत्सराने घर केले. जप्त झालेल्या फोनला कापडी पिशवी, लाखेची मोहोर, कपाटातील स्वतंत्र खण. आणि मला मात्र चहाच्या उष्ट्या कपांशेजारची खिडकी. त्याहून दुःसह हे, की तोही अंगठाच मागत असे. जे माझे होते, तेच त्याने घेतले. मी मत्सराने काळवंडले. शाईने आधीच काळी असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानी आले नाही.

एका श्रावणात एकोडीच्या विमलाबाईंना ठाण्यात आणले. त्या गावच्या आशाताई; घरोघरी जाऊन बायालेकरांच्या औषधपाण्याची विचारपूस करणाऱ्या. गोमाजी नावाच्या गृहस्थाची सून गुड्डी घरातून निघून गेली होती आणि विमलाबाईंनीच तिला फूस लावून पळवले, अशी त्याची तक्रार होती. तो बाहेर ओसरीवर बसून होता. रीतीप्रमाणे विमलाबाईंचे ठसे माझ्यावरून घेतले गेले. बोटांच्या रेषा फिकट होत्या, तरी दुसऱ्या खेपेस मी त्या नीट उमटवल्या.

मग ठाणेदारांनी त्यांचा फोन टेबलावर ठेवला. "बाई, गुड्डी कुठं हाय ते सांगून द्या. नाही तं फोन उघडा."

"ते तिच्या मर्जीनं गेली, साहेब. तिच्या पाठीवरचे वळ मीच धुतले. फोन उघडला तं तिचा पत्ता आजच्या आज त्या ओसरीवर पोचते."

ठाणेदारांनी खूण केली. महिला शिपाई रश्मी पुढे झाली. "माफ करा, मावशी," असे पुटपुटत तिने त्यांचे मनगट धरले आणि अंगठा फोनवर दाबला. फोन थरथरला, पण उघडला नाही. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

विमलाबाई हसल्या. "महिनाभर धानाचा रोवणा केला, पोरी. चिखलानं बोटं घासून गेली. रेशनची मशीनही मले वळखत नाही, हा कायले वळखते?"

मी मनोमन हर्षित झाले. ज्या अंगठ्याला मी सकाळीच ओळखले होते, त्याला हा मोहोरबंद महाराज ओळखू शकला नाही. परंतु फोनने लगेच दुसरी वाट धरली. त्याने कुलूप उघडण्याचा गुप्त आकडा मागितला.

"आकडा सांगा, बाई. कायले झंझट वाढवता?"

"अंगठा तुमी धरला, साहेब. आकडा माह्या मनात हाय. तो कसा धरान?"

ओसरीवर गोमाजी खाकरला.

दुसऱ्या दिवशी ठाणेदारांनी विमलाबाईंना न्यायालयापुढे नेऊन आकडा मागितला; तिथला वृत्तांत रश्मीने ठाण्यात परतून सांगितला. न्यायाधीश म्हणाले होते, "ठसा शरीराचा असतो; आकडा मनातून यावा लागतो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. फोनच्या आकड्याबाबत मोठ्या न्यायालयांतही अद्याप एकमत नाही. तोवर या बाईवर बळ चालवू नका. तपासाला अन्य मार्ग आहेत."

चौथ्या दिवशी गुड्डी स्वतःच न्यायालयात उभी राहिली आणि आपण मारहाणीला कंटाळून आपल्या इच्छेने गेलो, असे तिने सांगितले. फोन शेवटपर्यंत उघडला नाही, म्हणून ती सुखरूप तिथवर पोहोचू शकली. विमलाबाई सुटल्या. गोमाजी पुन्हा ओसरीवर दिसला नाही.

फोन परत न्यायला विमलाबाई आल्या, तेव्हा रश्मीने जुन्या सवयीने मला पुढे सरकवले.

"मले सही येते, पोरी," त्या म्हणाल्या, आणि एकेक अक्षर जपून पूर्ण नाव लिहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे पाटी पुसून ठेव वो. शाई वाळून राहिली."

माझ्या सेवाकाळातील तो पहिला नकार. रश्मीने रॉकेलच्या चिंधीने मला पुसले, तेव्हा कित्येक वर्षांनी माझे पितळ उजळले आणि त्यात मला तिचे ओशाळलेले मुख दिसले.

मित्रांनो, माझा मत्सर निमाला असे मी म्हणणार नाही. पूर्वी मला फोनच्या लाखेच्या मोहोरेचा हेवा वाटे. आता हेवा वाटतो तो याचा, की धरून आणलेल्या हाताला त्याने दार उघडले नाही. मी आयुष्यभर उघडीच राहिले. तुम्ही मोठे होऊन कोणत्याही टेबलामागच्या साहेबी खुर्चीत बसाल, तेव्हा कोणाचा हात धरण्यापूर्वी त्याच्या मुखाकडे पाहा. आणि हात धरलाच, तर त्याची बोटे पुसायला स्वच्छ चिंधी जवळ ठेवा.