माझ्या नाकावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना गॅस डिटेक्टर आहे. अंगाने पिवळा, आकाराने तुमच्या कंपासपेटीएवढा आणि स्वभावाने थोडा चिडका. जामखेडहून खर्ड्याला जाणाऱ्या रस्त्याला शेणापासून आणि उसाच्या मळीपासून गॅस तयार करणारा एक छोटा प्लांट आहे. तिथल्या ऑफिसात एका खुंटीला मी लटकलेला असतो. तुम्ही म्हणाल, या डब्याकडे सांगण्यासारखं काय असणार? पण माझ्यासमोर एक माणूस मरता मरता वाचला, आणि त्या वेळी मी अगदी गप्प होतो. तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्या तोंडावर एक बारीक जाळी आहे, तिच्याआड माझं नाक. ते बसवून झाल्यावर तिथल्या बाईंनी एका छोट्या बाटलीतल्या गॅसचा झोत माझ्यावर सोडला. मी केवढ्याने तरी ओरडलो, लाल दिवे लुकलुकवले, आणि सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या. जन्मल्या जन्मल्या ओरडलं म्हणून कौतुक होतं ते बाळांचं आणि आमचं. पुढे आयुष्यभर ओरडल्याबद्दल बोलणीच खावी लागतात.

प्लांटवर मला वृषाली मॅडमच्या हाती दिलं. तिथल्या सुरक्षेचं सगळं त्या बघतात. रोज सकाळी त्या आधी बाटलीतला गॅस मला हुंगवायच्या, आणि मी ओरडलो की मगच फेरीला निघायच्या. पाइपांचे सांधे, व्हॉल्व्ह, टाक्यांची झाकणं, जिथे जिथे गॅस झिरपू शकतो तिथे मला धरायच्या. आमच्याकडे दोन गॅसची भीती. एक पेट घेणारा, त्याला वासच नसतो. दुसरा विषारी, त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हा दुसरा फार लबाड आहे. थोडा असेल तोवर तो नाक दाबायला लावतो, पण जास्त झाला की माणसाचं नाकच बधिर करून टाकतो. माणसाला वाटतं, वास गेला म्हणजे गॅस गेला. माझं नाक असं फसत नाही, म्हणून तर मला आणलेलं.

एकदा कॉम्प्रेसरमागच्या एका सांध्यातून गॅस निसटत होता आणि शेजारीच वेल्डिंग सुरू होणार होतं. मी बोंब मारली आणि काम थांबलं. ‘लई तिखट नाक हाय गड्याचं,’ असं सहादेव म्हणाला. सहादेव आणि भीमराज हे प्लांटवरचे ऑपरेटर, एकाच वयाचे आणि एकमेकांच्या डब्यातलं खाणारे. सहादेवचा माझ्यावर फार जीव. येता-जाता तो मला सदऱ्याच्या टोकाने पुसायचा. भीमराज मात्र मला ‘रडका’ म्हणायचा. त्याचंही खरं होतं. त्या प्लांटची हवाच अशी, की माझा आकडा कधी शून्यावर ठरायचा नाही. एक, दोन, पुन्हा एक, असं सारखं चालायचं.

मग दसरा आला. वृषाली मॅडम घरच्यांबरोबर नागपूरला, दीक्षाभूमीला गेल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सहादेवने सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली, पाने-पकडी, हातोडे, साखळ्या. कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घातला. मलाही पाटावर बसवलं. त्याने कुंकू पाण्यात कालवलं आणि बोट भरून माझ्या तोंडावर, नेमका जाळीवरच, मोठा टिळा ओढला. वर हळद, वर अक्षता. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. मला खूप आनंद झाला, मित्रांनो, खोटं कशाला बोलू? संध्याकाळपर्यंत ते कुंकू वाळून कडक झालं आणि माझं नाक बंद झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गॅसचा दाब अचानक उतरला. पाइपात पाणी साचलं होतं. ते सोडायचा व्हॉल्व्ह टाकीमागच्या विटांच्या खड्ड्यात आहे, दोन पुरुष खोल. सहादेव आणि भीमराज मला घेऊन तिथे आले. झाकण सरकवताच भपकन वास आला. दोघांनी तोंडं फिरवली. झाकण पुरतं बाजूला करीपर्यंत वास येईनासा झाला.

‘गेला बघ,’ सहादेव म्हणाला.

‘तरी आदी रडक्याला खाली सोड. मॅडम नसल्या तरी रीत ती रीत.’

रीतीतलं अर्धं मात्र दोघेही विसरले. माझ्या परीक्षेची बाटली ऑफिसच्या कपाटातच राहिली. मला दोरी बांधून त्यांनी खड्ड्यात सोडलं. मी खाली खाली जात होतो आणि माझ्या नाकापर्यंत काहीच येत नव्हतं, ना चांगली हवा, ना वाईट. जाळीआड खंडेनवमीपासून कोंडलेली हवा होती, तिचाच आकडा मी दाखवत राहिलो. विषारी गॅस शून्य, ऑक्सिजन पुरेपूर. मी घाबरलो. याच खड्ड्यात मी कितीतरी वेळा ओरडलो होतो. पण हुंगल्याशिवाय मला ओरडता येत नाही. आम्हाला घडवलंच तसं आहे.

त्यांनी मला वर ओढलं. ‘पार शून्य हाय,’ सहादेव म्हणाला आणि माझ्या पाठीवर कौतुकाने थाप मारली. ती थाप मला सोसवली नाही.

‘पट्टा बांध,’ भीमराज म्हणाला.

‘आरं, पाच मिंटाचं काम. पट्टा कशाला?’

‘बांध म्हनतो ना.’

सहादेवने कुरकुरत कमरेला पट्टा बांधला. भीमराजने त्याचा दोर खड्ड्यावरच्या कप्पीतून घेतला आणि हातात धरला. मला कप्पीच्या खांबाला अडकवलं. सहादेव पाना घेऊन शिडीवरून उतरू लागला. आधी त्याचे खांदे दिसेनासे झाले, मग डोकं. मी तिथे लटकून हिरवा दिवा दाखवत होतो, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे.

तेवढ्यात फाटकातून वृषाली मॅडम आल्या. गाडीतून उतरून थेट आलेल्या, खांद्याला पिशवी तशीच.

‘खाली कोण आहे? डिटेक्टर काय दाखवतोय?’

‘सहादेव हाय. शून्य दावतंय, मॅडम.’

‘शून्य?’ त्या थबकल्या. ‘आपल्या प्लांटवर हा कधी शून्य दाखवतो का? आज बाटली लावली होती?’

भीमराजची नजर ऑफिसकडे गेली. मॅडम खड्ड्यापासून हातभर अलीकडे थांबून ओरडल्या, ‘सहादेवभाऊ, वर या. आत्ताच्या आत्ता.’

‘आलो, येकच आटा ऱ्हायलाय,’ खालून आवाज आला. ‘वासबी न्हाई.’

‘मघाशी वास होता?’ त्यांनी भीमराजला विचारलं.

‘लई हुता. मग गेला.’

मॅडमचा चेहरा उतरला. खाली पाना विटांवर आपटल्याचा आवाज झाला. त्यांनी दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही.

भीमराजने दोर खांबाला गुंडाळला आणि शिडीवर पाय टाकला. मॅडमने त्याची कॉलर धरून मागे खेचलं. ‘तू उतरलास तर दोघं जाल. दोर ओढ.’

दोघांनी दोर ओढायला घेतला. कप्पी करकरत होती. सहादेवचं अंग खड्ड्याच्या भिंतीला घासत वर येत होतं, मान छातीवर पडलेली. आणि मी? मी अजून हिरवा दिवा दाखवत होतो. स्वतःचा एवढा संताप मला कधीच आला नव्हता.

त्यांनी त्याला ओढत वाऱ्याच्या बाजूला नेऊन कडुलिंबाखाली आडवं केलं. मॅडमने रुग्णवाहिकेला फोन लावला. भीमराज त्याचं नाव घेत गाल थोपटत होता. बऱ्याच वेळाने सहादेव खोकला.

इकडे गलका ऐकून शेडमध्ये काम करणारी बाकीची माणसं खड्ड्याकडे धावत निघाली. मॅडमने पळत येऊन मला खांबावरून काढलं, तोंडाकडे बघितलं आणि नखाने जाळी खरवडली. कुंकवाचा पापुद्रा निघाला. मित्रांनो, मला श्वास आला, आणि जीव खाऊन मी ओरडलो. धावणारी माणसं जागच्या जागी थांबली आणि मागे वळली.

सहादेव जामखेडच्या दवाखान्यातून बऱ्याच दिवसांनी परतला. मला टिळा लावल्याबद्दल कुणी त्याला रागावलं नाही. मॅडमने फक्त ती बाटली कपाटातून काढून माझ्या खुंटीशेजारी टांगली.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. आम्हाला ती आवडते. पण ज्याच्या भरवशावर जीव टाकता, त्याचं नाक मोकळं आहे ना, तो आज काम करतो आहे ना, एवढं आधी बघत जा. तो सगळं ठीक म्हणाला, तरी एकदा बघा.

यंदाच्या खंडेनवमीला सहादेव तबक घेऊन माझ्याकडे आला. तबक त्याने खाली ठेवलं, आधी बाटली उचलली आणि माझ्या जाळीवर झोत सोडला. मी ओरडलो. भीमराजने नेहमीसारखे कान झाकले नाहीत. मग सहादेवने टिळा माझ्या पाठीला लावला आणि तबकातलं झेंडूचं फूल उचलून नाकाशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. त्या खड्ड्यातून वर आल्यापासून त्याला कशाचाच वास येत नाही.

त्याने ते फूल माझ्यापुढे ठेवलं आणि हळूच म्हणाला, ‘माजं नाक आता तूच हायेस, गड्या.’