हजेरीपटावरचा नववा

मी बाहुला बोलतोय. कुस्तीच्या सरावाचा. मला हात आहेत, पाय आहेत, तोंड नाही. पण माझं काय झालं ते ऐकलंत तर तुम्हीच म्हणाल, बोल बाबा, तुझा हक्कच आहे.

माझा जन्म भांडणातून झाला. कॉलेजात कुस्ती शिकवणारे आमचे सर तरुणपणी सगळंच खेळले. फुटबॉलमध्ये गुडघा गेला, पोहायला लागले. मग हॉकी, मग गोळाफेक. हॉकीत मोडलेलं नाक घेऊन शेवटी कुस्तीत आले, कारण तिथे मोडक्या नाकाचं कुणालाच काही वाटत नाही. सगळ्या खेळांचे कपडे मात्र घरच्या कपाटात.

"कपाटात तुमचे खेळ आणि माझे कपडे खुंटीला!" बायको कडाडली. "एक तरी बक्षीस आणलंत का?"

"गोळाफेकीत चौथा आलो होतो."

"फेकणारे किती होते?"

सरांनी कपाटाचं दार लोटलं.

तिने ताडपत्री कापली, दाभण घेतलं आणि नवऱ्याची अख्खी कारकीर्द माझ्यात कोंबली. छातीत फुटबॉलचे शर्ट, मांड्यांत हॉकीचे मोजे, डोक्यात पोहायची चड्डी. वजनाला पोटात गोळा.

सरांच्या वर्गातली पोरं मला रोज आपटायची. माणसाची ही एक खोडच आहे. राग असतो प्रिन्सिपलवर, हाडं मोडतात बाहुल्याची.

मग नववा पोरगा कुस्ती सोडून गायनाला गेला. नऊच्या खाली गेलं की वर्ग बंद, असा कॉलेजचा नियम. सरांनी हजेरीला नऊ नंबर पुकारला, माझ्याकडे पाहिलं. "हा तर एक दिवस चुकला नाही," म्हणाले, आणि हजर लावली. त्यात खोटं काय होतं?

वर्षभराने तपासनीस आले. आठ मोजले, नवव्याला थांबले. "हा कोण?"

सरांचा चेहरा उतरला. आता आणखी खेळ बदलायला धड गुडघाही उरला नव्हता. "पहिल्या वर्षाचा आहे, साहेब. जरा लाजाळू आहे."

"मला शिकवता? मीही कुस्ती खेळलोय." साहेबांनी कोट काढला, कंबरेला मिठी घालून मला उचललं. पोटातला गोळा सरकला. दोघेही कोसळलो. मी वर.

सरांनी सवयीने चटईवर हात आपटला. "चीत!"

माझी उसवलेली बगल शिवायला आलेली सरांची बायको दारात उभी होती. दाभण हातातच. "लिहा ना साहेब, बाहुला आहे म्हणून. आणि खाली हेही लिहा, तुम्हाला कुणी पाडलं ते."

साहेबांनी माझ्याखालूनच पेन मागितलं. लिहिलं, 'नऊ हजर. नववा दणकट, अभ्यासात कच्चा.'

वर्ग वाचला, मी मेलो. त्या शेऱ्यामुळे पुढच्या महिन्यात माझी लेखी परीक्षा आहे. सर रोज माझ्या हाताला पेन बांधून समोर पुस्तक वाचतात. कुणीतरी समजवा हो त्यांना. कारकीर्द पोटात आहे, कबूल. पण डोक्यात नुसती चड्डी आहे.