दारावरचं पेरिकोन

पेरिकोन हे झेंडूच्याच घराण्यातलं, पण घर सोडून डोंगरावर राहायला गेलेलं रोप. बारीक पिवळी फुलं, बडीशेपेसारखा वास. आमच्या मेक्सिकोतल्या मोरेलोसमध्ये ते कुणी लावत नाही; पावसात ते आपलं आपण उगवतं आणि पावसाळा सरत आला की फुलतं. पोटात कळ आली की त्याचा काढा, कोवळी कणसं उकडताना पातेल्यात त्याची एक काडी, बाळंतिणीला त्याच्या पाण्याची वाफ. स्पॅनिश लोक येण्याआधी आमचे पूर्वज ते पावसाच्या देवापुढे धूप म्हणून जाळत. ज्याला बळी म्हणून आगीत टाकायचं त्याच्या तोंडावरही आधी त्याची पूड उडवत, म्हणजे बिचाऱ्याला कमी कळावं. मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना सांगतो, आपले पूर्वज अगदीच निर्दय नव्हते, भूल देऊन मारायचे.

पुढे पाद्री आले, देव बदलले, रोप जागच्या जागी राहिलं. आता सान मिगेल या देवदूताच्या सणाच्या आदल्या दिवशी सैतान मोकाट सुटतो, म्हणून त्या दिवशी पेरिकोन कापून त्याचे क्रूस बांधायचे आणि दारावर, शेताच्या कोपऱ्यांवर लावायचे. त्याआधी रोपाला विळा लावायचा नाही. आणि दारावरचा जुना क्रूस नवा येईपर्यंत उतरवायचा नाही. मधल्या वेळात कोण आत येईल सांगता येत नाही.

त्या वर्षी सण अजून लांब होता, तेव्हा तोमासामावशीची सून निएवेस बाळंत झाली. ताप आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, ताप उतरला. पण सून उठेना. भिंतीकडे तोंड करून पडलेली. बोलेना, पोराला जवळ घेईना. पोर शेजारच्या रेमेदिओसच्या दुधावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तापाचं मी पाहिलं. हे मात्र वेगळं दिसतंय, शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मी त्यांच्याशी बोलते. तोवर वाफ द्यायची तर द्या, फक्त फार वेळ नको."

मावशीची थोरली मुलगी अशीच भिंतीकडे तोंड करून गेली होती. ते मावशी बोलत नव्हती आणि आम्हीही.

वाफेची तयारी झाली. अंगणातल्या तेमास्कालची, म्हणजे रांगत आत शिरायच्या त्या मातीच्या बुटक्या घुमटीची, चूल पेटली. मग मावशीने आढ्याला टांगलेली पेरिकोनची जुडी काढली, तर गळक्या छपराने तिला बुरशी आलेली.

"डोंगरावर ढीगभर आहे," मी म्हणालो. "आणतो कापून."

"कळ्या आहेत अजून, मास्तर. आणि दिवस यायचाय. कच्चं औषध सुनेला घालू? पोरांना शिकवता ते पुरे."

शेतातले क्रूस पावसाने कुजले होते. चांगलं, कोरडं पेरिकोन गावात एकाच जागी उरलं होतं: लोकांच्या दारांवर. मावशी पदराची झोळी करून निघाली. मी माझा क्रूस सगळ्यांत आधी काढून दिला. मी सैतान मानत नाही. बायकोला फक्त म्हणालो, आजपासून दाराला कडी लावत जा, हल्ली कुत्री फार झालीत.

लोकांनी दिले. कुणी लगेच, कुणी नवऱ्याला विचारून. एकीने क्रूस दिला आणि रिकाम्या खिळ्याला जपमाळ अडकवली. पण वर्षभर धूळ आणि धूर खाल्लेली फुलं ती. वास पुसट झालेला. मावशी झोळी हुंगायची आणि पुढच्या दाराकडे वळायची.

शेवटचं दार अबुंदिओतात्याचं. त्याच्या दारावरचा क्रूस गावात सर्वांत दाट असायचा, कारण तो त्याची बायको लेओनिला बांधायची. लेओनिला उन्हाळ्यात गेली.

"तात्या, मी मागायला आले नाही," मावशी म्हणाली.

"मग दारात कशाला उभी?"

"दम खायला."

तात्याने झोळीत पाहिलं. "एवढ्यात तर कोंबडीसुद्धा शेकणार नाही."

तात्या आत गेला, खुर्ची घेऊन आला, वर चढला आणि क्रूस उतरवला. खुर्चीवर बसून त्याने तो मांडीवर घेतला.

"फुलं ने. गाठ माझी."

गाठ घायपाताच्या दोरीची होती, आणि लेओनिलाचा हात घट्ट. तात्याची नखं तिच्यात शिरेनात. मी खिशातला चाकू काढला.

"मास्तर, तो आत ठेवा. नाहीतर आधी तुम्हाला सोलीन."

भिंतीपलीकडून रेमेदिओस ओरडली की घुमटी तापलीये, आता या. तात्या गाठीवर वाकून तिच्याशी झटत राहिला, मग दात लावले. वाळक्या काड्या मोडून मांडीवर पडत होत्या आणि मावशी त्या एकेक वेचून पदरात घेत होती. अखेर दोरी सैल झाली. तात्याने ती सरळ न करता, वेढ्यांसकट काड्यांवरून ओढून काढली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"जा आता," तो म्हणाला. पण स्वतःही मागोमाग आला.

निएवेसला चादरीत गुंडाळून बायकांनी आत सरकवलं. मावशी तिच्यामागून रांगत शिरली. मग तापल्या दगडांवर पेरिकोनचं पाणी पडल्याचा चुर्रर्र आवाज, आणि घुमटीच्या तोंडावरच्या घोंगडीच्या कडेने वाफ. आम्ही बाहेर उभे. रेमेदिओसच्या खांद्यावर पोर. आतून मावशीचा आवाज येत होता, पाठ इकडे कर, हात वर कर, पाय दे. दुसरा आवाज नव्हता. दगडांवर पुन्हा पाणी पडलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवून मी रेमेदिओसकडे पाहिलं. तिने आत हाक मारली, "मावशी, पुरे आता."

"थोडं राहिलंय."

काड्यांनी अंग घासण्याचा आवाज चालू राहिला. मग एक घोगरा, वापरात नसलेला आवाज आला.

"हळू, सासूबाई. पाठ आहे, तवा नाही."

घासणं थांबलं. रेमेदिओसने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तात्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

मग मावशी बोलली, आवाज आवरत, जमेना तरी.

"तवा कुरकुर करत नाही, बाई. तू कर. अजून कर."