सोन्याचं रक्त आणि एक लिंबू

निरवांगीच्या शिवारात, ऊस तुटून गेलेल्या रानात मांडव घातला होता आणि त्यात माणूस मावत नव्हता. इंदापूर, बारामतीकडून जीपा भरून आल्या होत्या. पुढच्या खुर्च्यांत आजारी माणसं. कुणाच्या गळ्यात गाठ, कुणाच्या गालात, कुणी छातीवर पदर घट्ट धरलेला. व्यासपीठावर किरणबाबा. खाली भगवं धोतर, वर डॉक्टरचा पांढरा कोट. देव पावला नाही तर विज्ञान पावावं, अशी दोन्हीकडची सोय.

"नॅनो म्हंजी काय?" बाबांनी माईकवर विचारलं.

"गाडी," मागून कुणीतरी म्हणालं.

"गाडी न्हवं बाळा. सोन्याचा बारका कण. विलायतंचं डॉक्टर आता कॅन्सरला ह्योच वापरत्यात. पेपरात आलंय." बाबांनी चौकट केलेली बातमी वर धरली. "पिवळं दिसतं ते झोपल्यालं सोनं. जागं झालं की लाल. सोन्याचं रक्त म्हना. ते पोटात गेलं की मशीनचा शेक कशाला? सूर्यनारायनाचा शेक बास हाय."

मला हसू आलं नाही, कारण बातमी खरी होती. सोन्याचे कण फार बारीक केले की पाण्यात लाल दिसतात, हेही खरं. धडधडीत खोटं बोलणारा लवकर सापडतो. हा गृहस्थ थोडं वाचून आला होता.

मी बारामतीला एका दवाखान्यात किरणांचा डोस मोजून देते. या किरणांना इकडं सगळे शेक म्हणतात. माझी पेशंट बनाबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिला घशाचा कॅन्सर. निम्मा शेक झाला होता, गाठ उतरत होती आणि अचानक ती यायची थांबली. तीन आठवडे फोन उचलला नाही. शेकात खंड पडला की ही गाठ नव्या जोमानं वाढते, हे मी तिच्या मुलाला, रणजितला, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रणजित बीएस्सी. पेपरातली ती बातमी आईला त्यानंच मोठ्यानं वाचून दाखवली होती. ती दर रविवारी या मांडवात येते असं कळलं, म्हणून कळसहून, माझ्या घरून, मी रविवारी गाडी काढून इथं आले.

"मावशी, उद्या या शेकाला," मी तिच्याजवळ बसून म्हटलं.

उत्तर रणजितनं दिलं. "मॅडम, आईला फरक हाय. बाबांच्या लाल पाण्याचा पेला घेतला की घशात आग पडती. बाबा म्हणत्यात, सोनं काम करतंय."

बनाबाईनं तोंड उघडून दाखवलं. शेकानं आधीच सोललेला घसा, त्यावर नवे फोड. तिच्या हातातल्या पेल्याच्या काठाला पांढरा थर वाळला होता, पानवाल्याच्या डबीला असतो तसा. मला एकदम संताप आला.

बाबांनी तिचं डोरलं पिवळ्या पाण्याच्या ग्लासात सोडलं, डोळे मिटले, तांब्यातलं तीर्थ ओतलं. पाणी लालभडक. मांडवानं हात जोडले.

मी उठून वर गेले. किल्ल्यांच्या जुडग्यातली कडी काढून दिली. "माझंही सोनं जागं करा."

दुसऱ्या ग्लासातलं पाणीही लाल झालं.

"ही कडी पितळेची आहे," मी माईकवर सांगितलं.

बाबांची पापणी लवली नाही. "बघा मंडळी. श्रद्धा असंल तर पितळंचंबी सोनं हुतंय."

टाळ्या पडल्या. गळ्यात गाठी असलेल्यांनीही वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो.

मांडवाच्या दारातच बाबांची जीप उभी होती. तिच्या बंपरला लिंबू-मिरच्या बांधलेल्या. मी लिंबू तोडलं, परत वर आले आणि दोन्ही ग्लासांत पिळलं. लाल पाणी बघता बघता पिवळं झालं.

"पातळावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, तर काय होतं?" मी बायकांना विचारलं.

"लाल हुतो," एक म्हातारी म्हणाली. मग थांबून, "म्हंजी ही हळद व्हय?"

"हळद. आणि तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी. लिंबानं चुना मारला, हळद उरली. खऱ्या सोन्याच्या लाल पाण्यात लिंबू पिळून हळद निघत नाही."

कुणीतरी हसलं. बाबा गडबडले नाहीत. "ही देव न मानणाऱ्यांची पोर. हिच्या हातानं सोनं परत झोपलं." यावरही काही माना हलल्या. पण खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या, आणि माना हलवणारे अजून डोलत असतानाच बाबा जीपमध्ये बसून पसार झाले.

रणजित जागचा हलला नव्हता. "पण मॅडम, बातमी तर खरी हाय की."

"खरी आहे. सोन्याचे कण गाठीत पोचवायचे आणि त्यावर मशीनचे किरण सोडायचे. सोनं किरण अडवतं, त्यातून बारीक मारा आजूबाजूच्या पेशींवर होतो. शेक जास्त लागू पडतो. त्याचे प्रयोग अजून चालू आहेत. पण शेकच नसेल तर सोनं नुसतं सोनं. तू शेक बंद केलास आणि आईच्या सोललेल्या घशात चुना ओतलास."

हे मला हळू सांगता आलं असतं. मी मुद्दाम हळू सांगितलं नाही.

सोमवारी बनाबाई आली. गाठ पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. आता शेक फक्त दुखणं कमी करायला, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेकाच्या टेबलावर, डोकं हलू नये म्हणून तिच्या तोंडावर जाळीचा मुखवटा बसवायच्या आधी तिनं मुलाला जवळ बोलावलं.

"रणजित," ती खरवडल्या आवाजात म्हणाली, "आपल्या बांधावर लिंबोणीचं झाड हाय."

बैलपोळ्याच्या आधी ती गेली.

दिवाळीनंतर वडगाव निंबाळकरला तसाच मांडव घातल्याचं कळलं. कोट तोच, चौकटीतली बातमी तीच. दारावर मात्र नवी पाटी होती: 'रुग्णांना लिंबू वर्ज्य'. मी गेले तेव्हा रणजित दारात पोतं घेऊन उभा होता. बांधावरची सगळी लिंबं त्यानं उतरवून आणली होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो एक देत होता आणि आईचं काय झालं ते सांगत होता. काही जण तिथूनच माघारी फिरले. बाकीच्यांनी लिंबू घेतलं, आत गेले आणि बाबांच्या पायावर ठेवलं.

तुमच्याही गावात असा मांडव उभा राहील. दवाखान्यातला उपचार बंद करा म्हणणाऱ्याच्या हातचं पाणी पिऊ नका; आधी आपल्या डॉक्टरला विचारा. आणि लिंबू वाहू नका. पिळून बघा.