पाठ टेकली तरी

कन्हेरीच्या यात्रेदिवशी दोघांपैकी एकालाच सुट्टी मिळेल, कोणाला ते आपसात ठरवा, असं डेअरीच्या सुपरवायझरने मानसिंग आणि यशराजला सांगितलं. यशराजला बायकोला घेऊन इंदापूरला सासुरवाडीला जायचं होतं. मानसिंगची यात्रेच्या फडात कुस्ती होती. त्याचे वडील सोपानआबा स्वतः पंचांकडे जाऊन जोड लावून आले होते.

चिठ्ठी टाकू, असं मानसिंग म्हणाला.

"पैलवान माणूस तू, चिठ्ठ्या कसल्या टाकतोस," यशराज म्हणाला. "मशिनवर खेळू."

व्हिडिओ गेमचं मशिन बारामतीत, एसटी स्टँडसमोर सर्जेरावच्या गाळ्यात होतं. एका इंग्रजी मारधाडीच्या सिनेमावरून बनवलेला खेळ. सिनेमा दोघांनीही व्हिडिओवर पाहिला होता आणि मशिनमध्येही तेच नट, तेच कपडे. शेवटी हिरो जिंकतो म्हणून मानसिंगने हिरो घेतला. यशराजने व्हिलन घेतला.

"त्यो मरतोय की शेवटी."

"मशिनला कुठं ठावं हाय ते."

पहिल्याच फेरीत हिरोच्या लाथेने व्हिलन उताणा पडला आणि मानसिंगचे हात दांड्यावरून सुटले. पाठ जमिनीला टेकली की कुस्ती संपली, हे तालमीत मिसरूड फुटायच्या आधीपासून अंगात मुरलेलं. व्हिलन उठला. हिरोला भिंतीशी नेऊन त्याने लोळवलं.

"चीत झाला व्हता त्यो," मानसिंग सर्जेरावला म्हणाला.

सर्जेरावने काचेवरच्या पिवळ्या पट्टीवर बोट टेकवलं. "ही संपंस्तवर गडी जित्ता हाय. हितं पाठीला कोण इचारत न्हाय. हात सोडू नगंस."

दुसरी फेरी मानसिंगने दातओठ खाऊन जिंकली. हात सोडला नाही.

तिसऱ्या फेरीत यशराजच्या व्हिलनची पट्टी केसाएवढी उरली. हिरोने उडी घेऊन लाथ घातली, व्हिलन उताणा आदळला आणि मागे उभ्या असलेल्यांतून कोणीतरी शिट्टी मारली. शिट्टी ऐकताच मानसिंग गर्दीकडे वळला आणि फडात करतात तसा त्याने हात वर केला. पाठीमागे बटणं खडखडली. वळून पाहिलं तेव्हा हिरो पडला होता, आणि उठत नव्हता.

"परत एकदा," मानसिंग म्हणाला.

"ठरल्यालं ठरलं. म्या काय चोरून मारलं का? तूच हात वर करून उभा."

घरी सोपानआबा ओट्यावर बसले होते. ड्यूटी लागली, जोड मोडावी लागेल, असं मानसिंगने सांगितलं. कशी लागली, तेही सांगावं लागलं.

"म्हंजी पाडलंस तूच, आन् हारलास बी तूच," आबा म्हणाले.

"व्हय."

"पंच काय म्हणला?"

"त्यात पंच नसतुया, आबा."

"मग असल्या फडात उतरलास कशापायी?"

आबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि पायात वहाणा सरकवल्या. जोड त्यांनी लावली होती. मोडायलाही त्यांनाच जावं लागणार होतं.