बारा वर्षांखालच्यांना घरी मिळणार नाही

मी 'शनीच्या कड्यावरची शाळा' बोलतेय. हळूच बोलतेय, कारण दोन हातांवर पाण्याचं निळं पिंप आहे आणि त्यात माझ्या फळीवरची पुस्तकं भिजत पडलीत.

मी विज्ञानकादंबरी, दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली. माझ्यात एक शाळा शनीभोवती फिरते. तिथली एक मुलगी बाहेरच्या काळोखात हरवते आणि तिला शोधायला निघतो तो काळोखाला घाबरणारा यंत्रमानव. दादरच्या छापखान्यात मी जन्मले आणि लालबागच्या या चाळीतल्या मंडळाच्या वाचनालयात आले. खालून दुसरी फळी, मुलांचा हात पोचेल अशी.

हात पोचायचे. पण भिंतीवर पाटी होती : 'बारा वर्षांखालील मुलांना पुस्तके घरी मिळणार नाहीत.' का, ते कुणी कधी विचारलं नाही. मग मुलं बाकावरच मला वाचायची, चौघं मिळून. आधी वाचून होईल त्याने पान धरून थांबायचं, हा त्यांचा कायदा. बारा पूर्ण झाली की माझ्याकडे फिरकायची नाहीत. मोठी झाली ना ती.

यंदा चाळीचा गणपती कागदाच्या लगद्याचा करायचं ठरलं. मंडळाचे सेक्रेटरी जगदीशकाका रद्दी गोळा करू लागले. वाचनालयातून काय द्यायचं, हे वाचनालय सांभाळणाऱ्या मीनाक्षीताईंनी पुस्तकांतल्या तारखांच्या शिक्क्यांवरून ठरवलं.

"ही नऊ वर्षांत एकदाही घरी गेली नाही. कोण वाचतं हो हिला?"

ताई वाईट नाहीत. पण शिक्के त्यांनी बाकाकडे पाठ करून मोजले.

बाप्पाच्या अंगात जायचं, त्यात भ्यायचं काय, असं तुम्ही म्हणाल. काल परीकथांचं पुस्तक पिंपात गेलं. तासाभरात त्यातला राजा कुठला नि राक्षस कुठला, सांगता येईना. मी पाहिलंय. मला भीती वाटते.

आज सकाळी बाकावर मला वाचणारी ओवी आली. तिची शेवटची छत्तीस पानं राहिलीत.

"काका, हे माझं वाचून व्हायचंय."

"अगं, बाप्पासाठी दिलंय ते."

"परत द्या ना."

"देवाला दिलेलं परत मागतात का, बाय माझी?"

ओवीचा चेहरा उतरला. देवाचं घेतलं तर काय होतं, हे तिने आजीकडून पुष्कळ ऐकलं होतं. जराशाने म्हणाली, "मग वाचून झालेली पानं देत जाते. चालेल?"

काका हसले. "वकील होणार तू. चालेल. पण संध्याकाळपर्यंत हं."

त्यांनी माझी शिवण उसवली. तिने वाचलेली सगळी पानं एकदम पिंपात गेली. माझी शाळा, वर्ग, घंटा, सगळं.

आता ओवी पायरीवर बसून मोठ्याने वाचतेय. आधी एकटी होती, आता सात जण आहेत.

"स्पीडने घे ना यार," शिवा म्हणाला.

"तुला कळतंय का तेवढं तरी?" नूपुरने टपली मारली.

एक पान संपतं, हातोहात पिंपापर्यंत जातं. यंत्रमानवाने काळोखात पाऊल टाकलं तेव्हा जगदीशकाकांचा हात पाण्यातच थांबला.

"मग? गावली का पोरगी?"

"थांबा ना काका, तेच येतंय."

मीनाक्षीताई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. "हे वाचता तुम्ही?"

"रोज," नूपुर म्हणाली. "तुम्ही तिथेच तर बसलेल्या असता."

ताई 'थांबवा' म्हणाल्या नाहीत. पाटी अजून भिंतीवर आहे.

माझी अकरा पानं उरलीत. मोठ्यांनो, तुमच्या वाचनालयातही माझ्यासारख्या बिनशिक्क्याच्या असतील. त्यांना उचलण्याआधी बाकावरच्या पोरांना एकदा विचारा. आजच विचारा, उद्या लगदा कालवतील.

आणि ओवी, शिवाचं ऐकू नकोस. स्वल्पविरामाला थांब. पूर्णविरामाला त्याहून जास्त थांब. हळू वाच गं.